घेर किती?

१९४६ साल. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत एका पाहुण्या शास्त्रज्ञाचं व्याख्यान होतं. विषय होता ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब. या नळीत तारेची बारीक स्प्रिंग असते. लहर तिच्यावरून फिरत फिरत सरकते आणि मधून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या झोताकडून बळ घेते. व्याख्यानानंतर तिथले प्राध्यापक जॉन क्राउस यांनी विचारलं, या स्प्रिंगचा अँटेना होईल का? पाहुण्यांनी सांगून टाकलं, की होत नाही, आपण करून पाहिलं आहे.

इथे बहुतेक जण वही मिटतात. करून पाहिलेल्या माणसाशी वाद काय घालणार? क्राउस यांनीही तो घातला नाही. त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं ते माप. नळीतली स्प्रिंग लहरीच्या मानाने फारच बारीक. तिचा घेर वाढवला तर लहर बाहेर पडल्यावाचून कशी राहील?

त्याच संध्याकाळी ते घराच्या तळघरात उतरले. हाताशी १२ सेंटीमीटर तरंगलांबीचा ऑसिलेटर होता, म्हणून वेढ्याचा घेरही १२ सेंटीमीटर धरला. सात वेढे, मागे धातूचा पत्रा, पत्र्यातून आणलेली कोअॅक्सियल केबल. स्प्रिंगच्या मोकळ्या टोकातून अरुंद, नेमका झोत निघाला आणि त्याचं ध्रुवीकरण वर्तुळाकार होतं!

याचं मोल मोठं आहे. साध्या अँटेनाची लहर एकाच प्रतलात डोलते. घेणारा अँटेना तिला काटकोनात आला, की हाती जवळजवळ काहीच लागत नाही. वर्तुळाकार लहर मळसूत्रासारखी फिरत जाते. समोरचा साधा अँटेना उभा असो की आडवा, निम्मी शक्ती त्याला मिळतेच. भिंतीवर आपटली की तिची फिरण्याची दिशा उलटते, त्यामुळे घेणारा अँटेनाही त्याच दिशेच्या वर्तुळाकार लहरींचा असेल, तर परतलेल्या लहरींचा गोंधळही बराचसा गाळला जातो.

क्राउस यांनी मग वेढे लहानमोठे करून पाहिले. झोत फारसा बदलला नाही. वेढ्यांची संख्या वाढवल्यावर मात्र तो आणखी टोकदार झाला. घेर तरंगलांबीच्या पाऊणपट असो की सव्वापट, हा अँटेना काम देतो. वारंवारतेच्या रुंद पट्ट्यासाठी झटणाऱ्याला ही देणगीच आहे, कारण साध्या छापील पॅच अँटेनाची वारंवारता जरा सरकली, की त्याचं वर्तुळ चपटं होतं.

जीपीएस उपग्रहांवर अशाच स्प्रिंगांचा समूह पृथ्वीकडे तोंड करून असतो. वारंवारता खूप वाढली, की वेढा मात्र इवलासा होतो: ६० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मिलिमीटर, म्हणजे वेढ्याचा व्यास सुमारे १.६ मिलिमीटर. एवढी तार वळवणं कठीण, म्हणून सर्किट बोर्डाच्या थरांत तांब्याच्या पट्ट्या आणि तांबं चढवलेली उभी भोकं जोडून वेढे घडवता येतात. असा बोर्ड पहिल्या मोजणीत नापास झाला, तर तो टाकून देण्याआधी घेर पुन्हा तपासा. बोर्डाच्या पदार्थात लहर ५ मिलिमीटरपेक्षा आखूड होते.