बोथ्याच्या अलीकडे

पहिली दहा मिनिटं पळू नका, नुसतं चाला. मार्गशीर्षातली खामगावची पहाट चांगलीच गार असते. पोटऱ्या आखडलेल्या असतात आणि मन अजून गोधडीतच असतं. त्याला ओढून आणायची घाई नको, ते येईल मागून. पाऊल पडताना आधी टाच टेकते की चवडा, एवढंच बघत राहा.

मग हळूच पळायला लागा. सोबत कुणी असेल तर त्याच्याशी बोलता यावं, इतकाच वेग. घाटपुरी, सुटाळा, वाडी ही एके काळची वेगळी गावं. आता शहर त्यांना येऊन चिकटलंय. नव्या ले-आउटचे कच्चे रस्ते, अर्धी बांधकामं, दारापुढचे पाण्याचे ड्रम. एखादं कुत्रं भुंकत अंगावर येईल. वेग वाढवू नका. भीती आधी कुठे जाणवते, मानेत की पोटात? तिला नाव न देता तिथेच असू द्या. चार पावलांत ती विरते. कुत्र्यालाही तुमच्यात फारसा रस नसतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं झपकन पुढे निघून जातील. त्यांना 1600 मीटर मारायचेत आणि वेळेनुसार गुण आहेत. तुम्ही तब्येतीसाठी पळताय, ती नोकरीसाठी. त्यांना वाट द्या. त्यांचा दम ऐकून आपला श्वास बिघडला असेल तर पुन्हा जुळवा. तीन पावलं आत, तीन बाहेर.

घरं संपली की कापूस सुरू होतो. या गावाचं मोठेपणच कापसाचं. त्याच्यासाठी 1870 साली जलंबपासून इथवर रेल्वेचा फाटा आला. आता थांबा. थांबायला लाज कसली? धुऱ्यावर उभं राहून एकच पऱ्हाटी निरखा. फुटलेलं बोंड दवाने जड होऊन खाली झुकलेलं असतं. दव उडाल्याशिवाय वेचणीला हात लागत नाही. तासाच्या कडेला खाली बघा. दोन फाकांचे, पुढे निमुळते खुरांचे ठसे दिसले तर ते रोह्याचे. जवळच माती नांगरल्यासारखी उकरलेली असेल, तर रात्री डुकरं येऊन गेली. तुम्ही झोपला होतात तेव्हा या रानात भरपूर वर्दळ होती. कुणी जागलीला होतं, कुणी रात्रीच्या लाइनवर ओलीत करत होतं.

उभ्या उभ्याच मनाला पुढे पाठवा, बुलडाण्याच्या रस्त्याने, बोथ्याच्या घाटाकडे. तिथे ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे 205 चौरस किलोमीटरचं. साग, सलई, अंजन, अस्वलं, बिबटे. 2019च्या डिसेंबरात तिथे एक वाघ पोचला. वन खात्याच्या दप्तरी तो टी1सी1, लोकांच्या तोंडी 'वॉकर'. जन्म यवतमाळच्या टिपेश्वरचा. जूनमध्ये निघाला, तेलंगणात शिरून परत आला आणि 1300 किलोमीटरहून जास्त हिंडून तिथे थांबला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हे कळलं. दिवसा दडायचं, रात्री चालायचं. वाटेत शेतं, नाले, रस्ते, माणसांची गावं.

समोरच्या पऱ्हाटीकडे पुन्हा बघा. कंबरेइतकी उंची. एवढ्या आडोशात पूर्ण वाढलेला वाघ मावतो का, याचा अंदाज घ्या. भीती वाटली तर मघासारखीच तिची जागा शोधा. मग एक प्रश्न मनात सोडा, उत्तराची घाई न करता: तो काय शोधत होता? हद्द, शिकार, मादी, असं जाणकार सांगतात. शिकार मिळाली, हद्दही मिळाली. ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. त्याच्यासाठी एखादी आणून सोडावी का, यावर खल झाला. तसं काही घडलं नाही. 2021मध्ये तो अजिंठ्याच्या डोंगररांगेने पश्चिमेकडे गेला आणि गौताळ्याच्या कॅमेऱ्यात दिसल्याच्या बातम्या आल्या.

त्याच्या चालण्याशी आपल्या पळण्याची तुलना करायचा मोह होईल. करू नका. आपल्याला घरी पोहे वाट बघत असतात.

गाडीने बोथ्यापर्यंत जाऊन तिथून जंगलात पळावं, असं काहींच्या मनात येतं. मला ते पटत नाही. परवानगीचा मुद्दा आहेच. पण पहाट ही तिथल्या जनावरांची परतायची वेळ, आणि पळणारं माणूस त्यांना पाठलाग करणारंच वाटणार. जंगलाच्या अलीकडेही पुष्कळ रस्ता आहे.

आता वळा. ऊन पाठीवर असेल तर कुठल्या खांद्यावर आधी लागतं ते बघा. समोरून ओलीत आटोपून, चिखलाच्या पायांनी, कुणी घरी निघालेलं भेटेल. पांदण अरुंद असते. तुम्ही कडेला व्हा आणि "झालं का भाऊ ओलीत?" असं विचारा. तो रात्री काय दिसलं ते सांगायला लागला, तर घड्याळ बंद करून ऐका.