दोन वजनांची थैली



आपल्या कॉलेजच्या मुलांना गिअरच्या हलक्या सायकलींचे मोठे आकर्षण वाटते. महागड्या सायकलींच्या बाजारात किंमत ग्रॅमवर ठरते. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नसावी, असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेला २००० साली लागू करावा लागला, इतकी ही चढाओढ आहे. मग सुटे भाग बनवणाऱ्या काही कंपन्या माहितीपत्रकात सर्वांत लहान मापाच्या, रंग न दिलेल्या फ्रेमचे वजन छापतात. कुठे बोल्ट वगळतात, कुठे पेडल. गिऱ्हाईक तोच भाग घरी काट्यावर ठेवते, तेव्हा आकडा वेगळा निघतो.

"आम्ही खोटे कुठे बोललो?" असे कंपनी विचारू शकते. छापलेला आकडा कोणत्या तरी अर्थाने खरा असतोच. पण तो वाचून गिऱ्हाइकाची जी समजूत होते, ती खोटी असते. आणि तशी समजूत व्हावी म्हणूनच तो आकडा निवडलेला असतो. खऱ्या शब्दांनीही फसवता येते, ते असे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा बारकाईने विचार केला. मालात तीन तऱ्हेची खोट असू शकते, असे ते सांगतात: जातीची, मापाची आणि गुणाची. ती जाणूनबुजून लपवली तर पाप आहे. नकळत राहून गेली तर पाप नाही, परंतु लक्षात येताच भरपाई केलीच पाहिजे.

परभणी, मानवत, सेलूच्या बाजारात कापूस आणि सोयाबीन विकणाऱ्या आपल्या लोकांना वजनाचे मोल सांगायला नको. हमीभावाने कापूस घेताना भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते. कारण उघड आहे: पाणीही काट्यावर वजन दाखवते. उसाच्या पट्ट्यात तर 'काटामारी' हा शब्दच रूढ झाला आहे. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याने व्यापाऱ्याच्या काट्याची ठरावीक मुदतीत पडताळणी करून शिक्का घेणे बंधनकारक आहे. मात्र काट्यावर कापूस ठेवणाऱ्या आणि आकडा वाचणाऱ्या माणसाच्या मनावर कोणताही निरीक्षक शिक्का मारू शकत नाही.

अनुवादाच्या पुस्तकात देव आपल्या प्रजेला बजावतो, की थैलीत लहान-मोठी दोन वजने बाळगू नका. घेताना एक, देताना दुसरे, हे त्याला चालत नाही. शब्बाथ कधी संपतो आणि आपण माप लहान करून धान्य कधी विकतो, अशी घाई झालेल्यांवर आमोस संदेष्टा कडाडला. ही माणसे उपासना चुकवत नव्हती, हे ध्यानात घ्या. त्यांची उपासना आणि त्यांचा काटा यांची गाठ पडत नव्हती, एवढेच.

आपली थैली आपण तपासू या. समजा, वेचणीला आलेल्या बाईने दिवसभरात ४० किलो कापूस वेचला. रिकामे गाठोडे अर्धा किलोचे, पण वजा केले दोन किलो. तिचे दीड किलो गेले. वीस दिवसांत तीस किलो झाले. ती बोलत नाही, कारण उद्याही तिला याच रानात यायचे असते. दुसरीकडे, वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी शिंपडणाराही तीच थैली बाळगतो. व्यापाऱ्याने आपल्याला लुबाडले, ही गोष्ट खरी असली तरी तिने मजुराचे दीड किलो आपले होत नाहीत.

जक्कयाने प्रभू येशूला घरी घेतले, तेव्हा नुसता पश्चात्ताप सांगितला नाही. फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. पापनिवेदनात क्षमा मिळते, पण दुसऱ्याचे जे आपल्याकडे राहिले आहे ते परत करण्यातून सुटका मिळत नाही.

या आठवड्यात एवढेच करू या. रिकामे गाठोडे मजुरासमोर काट्यावर ठेवा. आकडा त्यालाच वाचू द्या. मागचे काही देणे निघत असेल, तर पुढच्या रविवारच्या मिस्सापूर्वी ते चुकते करा. मग वेदीवर ठेवलेले आपले दान खऱ्या वजनाचे ठरेल.

प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.

आपला,
धर्मगुरू