सोसणे हे तप आहे काय?

देहाची वेदना मुकाट्याने सोसणे हे तप होय, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. देवळाच्या घंटेपर्यंत हात पोचेनासा झाला, तरी वय झाले म्हणून वडीलधारी माणसे खालूनच नमस्कार करून पुढे जातात. वेणी घालण्यासाठी मातांना दुसऱ्याची वाट पाहावी लागते. पण त्या कोणास सांगत नाहीत. हे सोसणे खरोखर तप आहे काय, याचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

खांदा हा देहातील सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचे डोके मोठे व खोबण उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. परंतु त्याच कारणाने त्याचे स्थैर्य भोवतालच्या चार लहान स्नायूंवर फार अवलंबून असते. दुखतो म्हणून हात हलवावयाचा नाही, आणि हलविला नाही म्हणून तो अधिक आखडावयाचा, असे हे चक्र आहे. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, विशेषतः मधुमेहींत, हा विकार अधिक आढळतो.

पतंजलींच्या मते तपाने देह व इंद्रिये समर्थ होतात. मग ज्या सोसण्याने हात पंगू होतो, त्यास तप कसे म्हणावे? उलट, हट्टाने हात ओढून वर नेणे हेही तप नव्हे. यमांत अहिंसेस पहिले स्थान आहे, आणि आपला देह तिच्यातून वगळलेला नाही. आसनाची लक्षणेही स्थैर्य आणि सुख अशी दोनच सांगितली आहेत.

बी. के. एस. अय्यंगार 1936 साली आपल्या गुरूंसमवेत धारवाड-बेळगाव भागात आले होते. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांच्यामुळे 1937 साली ते पुण्यास गेले. बालपणी रोगांनी जर्जर झालेल्या या साधकाने दोरी, पट्टा, लाकडी ठोकळे यांचा आधार आसनांत आणला. आधार घेण्यात कमीपणा नाही, हाच त्याचा अर्थ. गोमुखासनात पाठीमागे हात जुळत नसतील, तर दोहोंमध्ये उपरणे धरावे. प्रारंभी वाकून दुखरा हात सैल सोडावा व लहान वर्तुळांत झुलवावा. मग भिंतीवर बोटे हळूहळू चढवावीत. कळ तीव्र होताच थांबावे. पडल्यानंतर हात उचलत नसेल किंवा रात्री झोप मोडत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. खांद्याबरोबर छातीत दुखू लागल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

पालखीला खांदा, शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेस खांदा, थकलेल्या मुलास खांदा. आपल्या भाषेतही खांदा हा बहुधा दुसऱ्यासाठीच असतो. तो जपणे हे देहाचे लाड नव्हेत; इतरांच्या उपयोगी पडण्याची ती पूर्वतयारी आहे. म्हणून घरातील कोणाचा हात वर जाईनासा झाला आहे, हे प्रत्येकाने आजच विचारून पाहावे.