उंचावरच्या माणसाने बोलावं

वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं एक गाव. चर्चच्या आवारात नवा हॉल, पार्किंग आणि पुढे हिरवळ करायचं ठरलं आहे. त्यासाठी कडेचं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, बुजवायचं, दोन जुनी झाडं काढायची आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे. खालच्या अंगाला तीन घरं आणि एक सोसायटी. तिथल्याच एका वाडीचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा पुतण्या स्थापत्य अभियंता, शिवाय पॅरिश कौन्सिलवर. ओट्यावर नकाशा पसरलेला आहे.

पुतण्या : काका, यात गैर काय? रविवारच्या मिस्सेला कितीतरी माणसं बाहेर पावसात उभी असतात. मयताला आलेल्या गाड्यांनी रस्ता अडतो. जागा चर्चची, पैसा लोकांनीच दिलेला.

काका : गैर म्हटलंय कोणी? एवढंच सांग, आवारात पडणारा पाऊस आज जातो कुठे?

पुतण्या : काही जमिनीत मुरतो, उरलेला बावखलात.

काका : आणि हे झाल्यावर?

पुतण्या : पाइपने गटारात.

काका : किती? तू इंजिनिअर, तूच सांग.

पुतण्या : छप्पर आणि फरशी मिळून दहा गुंठे धरा, म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एक लाख लिटर. त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास वाहून जाईल.

काका : म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. जुलैत असा दिवस काही नवलाचा नाही. त्यात भरती असली की खाडी पाणी घेत नाही. मग हे नऊ टँकर उभे कुठे राहणार?

पुतण्या : तुमच्या वाडीत, कबूल. पण २०१८च्या जुलैत अख्खी वसई पाण्यात होती, रेल्वे बंद होती. तेव्हा चर्चने कुठे काय बांधलं होतं?

काका : एकट्याने कोणीच काही केलं नव्हतं. जो तो आपला प्लॉट हातभर उंच करत गेला. प्रत्येकाचा भराव कायदेशीर, प्रत्येकाची गरज खरी.

पुतण्या : तेच म्हणतो मी! तक्रार करतंय कोण, तर सोसायटीवाले. त्यांची इमारतच भातशेतीवर भराव टाकून उभी राहिली. त्यांना बोलायचा काय अधिकार?

काका : माणसाचं तोंड चुकीचं असेल, पण जिन्याखाली साचलेलं पाणी खरंच असतं. आणि ईझमेंटचा १८८२चा कायदा काय सांगतो? वरच्या जमिनीवरून आपसूक उतरणारं पाणी खालच्याने घ्यायचं. तुम्ही फरशी घालून, पाइपला तोंड करून ढकललेलं पाणी त्यात कसं बसेल?

पुतण्या : बरं, पाण्याचं बघू. झाडांचं तरी काही म्हणू नका. जुनं झाड काढलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, असा २०२१पासून नियमच आहे. लावू आम्ही.

काका : कुठे?

पुतण्या : आवारात जागा नाही. दुसरीकडे.

काका : म्हणजे सावली इथली जाणार आणि भरपाई दुसऱ्याच गावाला. बावखलाचंही तेच. त्यावर रहाट फिरायचा, त्याच पाण्यावर केळी आणि पानवेली व्हायच्या. ते भरलेलं असतं म्हणून आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. बुजवलं की खारं पाणी आत सरकायला मोकळं. मग तुमच्या हिरवळीला पाणी कुठून घालणार?

पुतण्या : काका, हजार माणसांची सोय एका बाजूला आणि तीन घरांत दोन दिवस पाणी दुसऱ्या बाजूला. कुठेतरी तोलावं लागतंच ना?

काका : तोल की. पण तराजू कोणाच्या हातात आहे तेही बघ. त्या तीन घरांना विचारलंत?

पुतण्या : विचारलं. दोघांनी सही दिली.

काका : देणारच. चर्चच्या कामाला आडवं कोण येईल? उद्या त्यांच्या घरी लग्न आहे, परवा मयत असेल. बिल्डरशी माणूस भांडतो, कोर्टात खेचतो. देवाच्या कामाला नाही म्हणायचं तर जीभ रेटत नाही. कारण जितकं पवित्र, तितकं समोरच्याला गप्प बसवणं सोपं. म्हणून अशा संस्थेने त्यांची सही पुरेशी मानू नये. त्यांची बाजू तिने स्वतःच मांडली पाहिजे.

पुतण्या : म्हणजे नेमकं काय करायचं?

काका : आज जेवढं पाणी कुंपणाबाहेर जातं, त्याहून थेंबभर जास्त जाणार नाही, ही अट तुम्हीच तुमच्या नकाशावर घाला. बावखल राखा, गाळ काढा. हॉल पार्किंगच्या वर घ्या. हरित वसईच्या चळवळीत फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले, ते याच समाजातले होते. ती शिकवण आवाराच्या फाटकाशी थांबत नाही.

पुतण्या : खर्च वाढेल. लोक हॉलसाठी पैसे देतात, बावखलाच्या गाळासाठी कोण देणार? त्यावर नावाची पाटी कुठे लावायची? मग हॉल लहान करावा लागेल आणि काही माणसं पुन्हा पावसात उभी राहतील. त्यांना काय सांगू?

काका : खरं ते सांग. तो तोटा आहेच, मी नाकारत नाही. पण ती माणसं सभेत बसून ठरवतील आणि मग छत्री धरतील. खालच्या घरांना ठरवायला कोणी बसवलंच नव्हतं.

पुतण्या : मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण रविवारच्या सभेत हे तुम्हीच मांडा. तुमचा शब्द मानतात.

काका : मी बोललो तर म्हणतील, म्हातारा स्वतःच्या वाडीचं बघतोय. म्हणतील ते खोटंही नसेल. तुझं घर उंचावर आहे, तुझ्या दारात पाणी यायचं नाही. म्हणून हे तू बोल.