व्हीनिअरमधला दोष

दोष वस्तूत असतो की पाहणाऱ्याच्या अपेक्षेत, हा जुना प्रश्न व्हीनिअरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, प्रतवारीत रोज उभा राहतो. स्पिनोझाचा कौल अपेक्षेकडे होता. त्याच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एथिक्स’च्या चौथ्या भागाच्या प्रस्तावनेत तो अर्धवट घराचा दाखला देतो: बांधणाऱ्याचा हेतू ठाऊक असेल तरच ते घर अपुरे ठरते. निसर्गाला असा हेतू नसल्याने त्याच्या कामात उणे-अधिक पाहणे ही माणसाची सवय. (स्पिनोझा भिंगे घासत असे, तपासणी म्हणजे काय हे त्याला चांगलेच ठाऊक असणार.)

व्हीनिअरचा बाजार त्याच्या बाजूने साक्ष देतो. सरळ रेषांच्या सागी तावावर एक गाठ आली तरी तो बाद होतो. उलट अक्रोडाच्या बुंध्यावरची बर्ल ही झाडाची विकृत वाढ. तिच्यातल्या गाठीगाठींच्या नक्षीला मात्र चढा भाव मिळतो आणि महागड्या मोटारींच्या डॅशबोर्डवर ती मिरवते. झाडाच्या लेखी दोन्ही सारखेच.

मात्र सगळे दोष असे नसतात. उकळून किंवा वाफवून मऊ केलेल्या ओंडक्यावरून पाते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ताव काढते, तेव्हा तो एकदम वाकतो आणि पात्याकडच्या अंगाला बारीक चिरा पडतात. ही तावाची सैल बाजू. ताव रेषांच्या दिशेने दोन्हीकडे वळवून पाहिला की ती हाताला कळते: सैल बाजू बाहेर ठेवली तर तो सहज वळतो, आत ठेवली तर अडतो. हवेतल्या दमटपणाच्या चढउताराने लाकूड फुगते-आकसते आणि खोल चिरा पुढे पॉलिशमधून वर येतात. गिऱ्हाइकाला त्या आवडोत न आवडोत, पॉलिश फाटतेच. इथे स्पिनोझाचे म्हणणे तोकडे पडते. हेतू माणसाचा असला, तरी तो फसला की नाही हे लाकूडच ठरवते. अपेक्षेवर अवलंबून असलेली गोष्ट मर्जीवर अवलंबून असतेच असे नाही.

म्हणून सैल बाजू सहसा खाली, सरसाकडे चिकटवतात. बुकमॅच जोडणीत मात्र पुस्तकाच्या पानांसारखा एकाआड एक ताव उलटावा लागतो आणि निम्म्या तावांची सैल बाजू वर येते. तिथे चिरा टाळता येत नाहीत, त्यांची खोली तेवढी आवरता येते. ते काम पात्याची धार आणि लाकूड दाबून धरणाऱ्या दाबपट्टीचा दाब यांवर चालते.