परवान्यानंतरची विद्या

परवाना हाती पडला म्हणजे विद्या पुरी झाली, असा समज आपल्या समाजात फार रूढ आहे. वकिलाची सनद असो, वैद्याची पदवी असो, घरोघर पेढे वाटून शिक्षणाचे प्रकरण मिटविले जाते. या समजाची परीक्षा पाहावयाची तर ती आकाशात पाहावी, असे आम्हांस वाटते. गेल्या काही वर्षांत धुळ्याजवळचे गोंदूर, शिरपूर आणि जळगाव येथे विमानविद्येच्या शाळा निघाल्यामुळे हा विषय खानदेशातील कुटुंबांच्याही दाराशी येऊन ठेपला आहे.

खासगी वैमानिकाचा परवाना आपल्या देशात वयाची १७ वर्षे पुरी झाल्यावर व किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. चाळीस तास म्हणजे कारकुनाचा जेमतेम एक आठवडा! तेवढ्यात विमान उडविता येते, यात शंका नाही. परंतु त्या तासांत जो ऋतू आला नाही, जो वारा सुटला नाही, त्याची ओळख होणार कोठून? समजा, एखाद्याने आपले सर्व धडे मार्गशीर्ष-पौषात गिरविले. थंड, दाट हवेत विमान थोडे धावून जमीन सोडते. तोच मनुष्य वैशाखातील दुपारी त्याच धावपट्टीवर आला, तर हवा तापून विरळ झालेली असते. पंखांस आधार कमी, यंत्रास दम कमी. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंच. पण पारा ४३ अंशांवर गेला की विमानाच्या लेखी ते सुमारे ४,५०० फुटांवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वराच्या उंचीवर जाऊन बसते. (तेथील गारवा मात्र धुळेकरांच्या वाट्यास येत नाही.) धाव लांबते, चढ मंदावतो, आणि उत्तरेकडे जावयाचे तर पुढे सातपुडा उभा असतो.

हे सारे पुस्तकांत लिहिलेले आहे. मग अडते कोठे? शाळेत असताना ‘आज नको’ असे म्हणणारा गुरू शेजारी होता. आता तो शब्द शिष्याने स्वतःच स्वतःस ऐकवावयाचा असतो, आणि तोही मित्रमंडळी धावपट्टीपाशी येऊन थांबलेली असताना. वैमानिकाच्या वहीत प्रत्येक उड्डाणाची नोंद होते. विचारपूर्वक टाळलेल्या उड्डाणास तीत रकाना नाही. जे. आर. डी. टाटा यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपाल घेऊन कराचीहून मुंबईस आले. लोकांस ते उड्डाण आठवते. मधल्या साडेतीन वर्षांची आठवण कोणी काढीत नाही.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खासगी परवानाधारकास भाडे घेऊन उतारू नेण्याची मुभा नाही. तेव्हा त्याच्या शेजारी बसणार कोण? बहीण, मित्र, क्वचित वृद्ध वडील. पैसे देणाऱ्या उताऱ्यामागे कंपनीची शिस्त असते, दुसरा वैमानिक असतो. या मंडळींजवळ केवळ माया असते, आणि मायेस कौशल्याची पारख करता येत नाही. अशांच्या जिवावर शिकण्याचा अधिकार आपणांस आहे काय? अनुभव उडाल्यावाचून येत नाही, हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. पहिला उन्हाळा गुरूस सोबत घेऊन काढता येतो. पुढील काही दिवस शेजारची जागा रिकामी ठेविता येते. इतके करूनही अज्ञानाचा काही अंश उरतोच, कारण सर्व ऋतू व सर्व वारे भोगून मगच आप्तांस न्यावयाचे म्हटले तर कोणीच कोणास नेणार नाही.

तो उरलेला अंश निदान झाकून ठेवू नये, असे आमचे मत आहे. विरळ हवेचे गणित आईस कळणार नाही. पण ‘मला परवाना मिळून दोनच महिने झाले, आणि इतक्या उन्हात मी अजून कोणास नेले नाही’, हे वाक्य तिला पुरते कळते. ते ऐकून ती म्हणाली, की बाबा, आपण दिवाळीनंतर जाऊ, तर तिच्याशी वाद घालू नये.