वाट पाडणारे

२०११ सालच्या जानेवारीतील दुसरा रविवार. सकाळचा चहा अजून कपातच होता, तोच अमेरिकेहून फोन आला. नोकरीनिमित्त सिअ‍ॅटल शहरी स्थायिक झालेला आमचा भाचा पलीकडून अक्षरशः ओरडत होता, "मामा, आम्ही जिंकलो!" क्षणभर आम्हांस वाटले, ह्याने एखादा खटला तरी जिंकला असावा. चौकशीअंती कळले की, जिंकला होता तो त्याच्या गावचा फुटबॉल संघ. स्वारी मैदानावर तर नव्हतीच, पण प्रेक्षकांतही नव्हती. घरच्या कोचावर बसून तिने तो सामना दूरचित्रवाणीवर पाहिला होता. आणि तरीही "आम्ही"!

त्या "आम्ही"चे आम्हांस हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. लिहावयास बसलो की आम्ही स्वतःही "आम्ही"च म्हणतो, आणि त्या शब्दाच्या आड नेमके कोण कोण उभे आहेत हे वाचकांस कधीच सांगत नाही. तेव्हा भाच्याला हसण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे? मनुष्य "आम्ही" म्हणतो तेव्हा त्यात कोणाला घेतो आणि कोणाला वगळतो, हा प्रश्न त्या दिवशी जो मनात शिरला तो अद्याप तेथेच ठाण मांडून बसला आहे.

आधी त्या सामन्याची हकीकत सांगावयास हवी. गोव्याच्या वाचकांनी येथे थोडे सावध असावे. ज्याला फुटबॉल म्हणत ते लहानाचे मोठे झाले, तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल असतो, तो बहुतेक वेळ हातातच असतो, आणि पायांचे काम मुख्यतः धावण्याचे. त्या मोसमात सिअ‍ॅटलच्या सीहॉक्स संघाने सोळा सामन्यांपैकी सात जिंकले होते आणि नऊ गमावले होते. त्याच्या विभागातील इतर तिघांची अवस्थाही त्याहून बरी नव्हती, म्हणून विभागाचा विजेता ह्या नात्याने त्याला बाद फेरीत जागा मिळाली. पूर्ण मोसमात जयापेक्षा पराजय अधिक असताना विभाग जिंकणारा तो पहिलाच संघ. हा संघ बाद फेरीत यावा हेच पुष्कळांस लाजिरवाणे वाटत होते. त्याच्यासमोर उभा होता न्यू ऑर्लिन्सचा सेंट्स संघ. आदल्या मोसमातील राष्ट्रीय विजेता, ह्याही मोसमात अकरा सामने जिंकून आलेला. ८ जानेवारीला सिअ‍ॅटलच्या मैदानावर ह्या नामांकित संघाचा ४१ विरुद्ध ३६ गुणांनी पराभव झाला. शेवटच्या काही मिनिटांत मार्शॉन लिंच नावाचा गडी चेंडू काखेत मारून, अंगावर येणाऱ्यांना एकामागून एक झिडकारीत ६७ यार्ड धावला, आणि त्या वेळी प्रेक्षकांनी जो थयथयाट केला त्याची कंपने जवळच्या भूकंपमापक यंत्रावर उमटली. ही अतिशयोक्ती नव्हे. त्या नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या आहेत.

दुबळा जिंकला की आपणांस एवढा आनंद का व्हावा? आपल्याकडे मुलांच्या खेळात एक लिंबूटिंबू असतो. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी बाद धरीत नाहीत. पण ह्याच लिंबूटिंबूने एखाद्या दिवशी थोरल्या गड्याला पकडले, तर सारे अंगण नाचू लागते. ह्या आनंदात न्यायबुद्धीचा अंश असतो हे आम्ही नाकारीत नाही. बळ आणि यश ह्यांची गाठ एक दिवस का होईना सुटली, ह्याचा तो आनंद असतो. तथापि ह्या सहानुभूतीसाठी कोणाला काय द्यावे लागते? काहीही नाही. टाळ्या वाजविणाऱ्याची जागा जात नाही, पंगतीतले पान जात नाही, पगार कमी होत नाही. शिवाय मैदानावरचा दुबळा खऱ्या अर्थाने दुबळा असतो कोठे? त्याला तोच चेंडू, तेच नियम, तोच पंच लाभलेला असतो. सिअ‍ॅटलचे ते गडी भरपूर मेहनताना घेऊन मैदानात उतरले होते. त्यांची उणीव विजयांची होती, प्रवेशाची नव्हती.

आठ दिवसांनी, १६ जानेवारीला, हाच संघ शिकागोस गेला आणि २४ विरुद्ध ३५ गुणांनी हरला. सोमवारी सकाळी भाच्याचा पुन्हा फोन आला. ह्या खेपेस आवाज खाली होता. "मामा, ते हरले," तो म्हणाला. आठ दिवसांत "आम्ही"चे "ते" झाले होते! हा काही त्याचा एकट्याचा दोष नव्हे. रॉबर्ट सियाल्डिनी ह्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७६ साली नेमके हेच दाखवून दिले होते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे अधिक घालतात आणि "आम्ही जिंकलो" म्हणतात. हरला की तो संघ परका होऊ लागतो. यशाच्या उन्हात अंग शेकावयास सर्वांनाच आवडते.

बोलता बोलता तो म्हणाला, "उद्या ऑफिसला सुट्टी आहे. किंग डे आहे ना." त्याच्याकडे अजून रविवारची संध्याकाळ होती. जानेवारीतील तिसरा सोमवार हा मार्टिन लूथर किंग ह्यांच्या स्मरणाचा दिवस. १९८३ साली त्यासंबंधीचा कायदा झाला आणि १९८६ पासून ती राष्ट्रीय सुट्टी पाळली जाऊ लागली. सगळ्यांनी ती आनंदाने पाळली असे मात्र नव्हे. १९९० साली अ‍ॅरिझोना राज्यातील मतदारांनी ही सुट्टी नाकारली. तेव्हा १९९३ चा फुटबॉलचा अंतिम सामना, जो त्या राज्यात व्हावयाचा होता, तो संयोजकांनी कॅलिफोर्नियात नेला. १९९२ साली मतदारांनी सुट्टीला संमती दिली आणि १९९६ साली अंतिम सामना अ‍ॅरिझोनास मिळाला. एका महात्म्याच्या स्मरणासाठी सामन्याच्या उत्पन्नाचे आमिष लागावे, ह्यावर हसावे की रडावे ते वाचकांनीच ठरवावे.

पण ज्या खेळाने हा दबाव आणला, त्या खेळाचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? ह्या व्यावसायिक संघटनेची स्थापना १९२० सालची. पहिल्याच वर्षी विजेत्या ठरलेल्या अ‍ॅक्रन संघात फ्रिट्झ पोलार्ड नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता, आणि पुढच्या वर्षी तो त्याच संघाचा प्रशिक्षकही झाला. पुढे दार हळूहळू लोटले गेले. १९३४ पासून १९४५ पर्यंत ह्या स्पर्धेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लिखित नियम कोठेही नव्हता. असल्या नियमांना कागद लागतच नाही, हे आपणांस काही अमेरिकेकडून शिकावयास नको.

त्या बारा वर्षांत ज्यांचे तारुण्य सरले त्यांपैकी एक केनी वॉशिंग्टन. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ संघात त्याचा जोडीदार होता जॅकी रॉबिन्सन, जो पुढे १९४७ साली बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडून जगप्रसिद्ध झाला. १९३९ च्या मोसमात केनीने मैदाने गाजविली, पण व्यावसायिक संघांपैकी एकानेही त्याला बोलाविले नाही. बोलावणे आले ते १९४६ साली, आणि तेही पश्चात्तापातून नव्हे. क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला आणि त्याने तेथील कोलिझियम मैदान मागितले. ते मैदान जनतेच्या पैशाचे. कृष्णवर्णीय पत्रकारांनी सवाल टाकला की, सर्वांच्या मालकीची जागा काहींनाच खेळू देणाऱ्या संघास कशी देता येईल? उत्तर नव्हते, म्हणून केनीला घेतले. तोवर तो सत्तावीस वर्षांचा झाला होता आणि त्याचे गुडघे कामातून गेले होते. तीन मोसम खेळून तो निवृत्त झाला. १९४७ साली त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी तो एकदा ९२ यार्ड धावला होता. पण त्याची उमेदीची वर्षे त्याला कोणी परत केली नाहीत.

राजधानीतील संघ तर १९६२ पर्यंत अडून बसला होता. तेथेही जे घडले ते मैदानाच्या जमिनीमुळे. नवे मैदान सरकारी जागेवर होते, आणि वर्णभेद पाळाल तर ते मिळणार नाही असे खात्याचे मंत्री स्ट्यूअर्ट यूडॉल ह्यांनी बजावले. त्या वर्षी बॉबी मिचेल ह्या संघात आला. १९८८ च्या जानेवारीत त्याच संघाने अंतिम सामना ४२ विरुद्ध १० असा जिंकला, आणि संघाचे सूत्रचालन करणारा डग विल्यम्स हा त्या जागेवरून अंतिम विजय मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. आज ह्या स्पर्धेतील निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. लिंचच्या धावेने जमीन हादरली हे खरे. पण त्या जमिनीवर पाय ठेवण्याचा हक्क पासष्ट वर्षांपूर्वी कोणीतरी आपले गुडघे झिजवून मिळविला होता.

मराठीत "वाट पाडणे" ह्या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. रानातून नवी पायवाट काढणारा वाट पाडतो, आणि वाटसरूंस लुटणारा दरोडेखोरही वाटच पाडतो. त्याला आपण वाटपाड्या म्हणतो. ज्याने भाषेला हे दोन्ही अर्थ दिले त्याला समाजाचा स्वभाव पुरता ठाऊक असावा. पहिला अर्थ मनुष्याला बहुधा मरणोत्तर लाभतो. हयातीत त्याच्याकडे लोक दुसऱ्याच अर्थाने पाहतात. किंगदेखील हयातीत अनेकदा तुरुंगात गेले आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गोळीला बळी पडले.

भाचा ह्या साऱ्यापासून अलिप्त आहे, असे आम्हांस प्रथम वाटले होते. मग ध्यानात आले की तसे नाही. १९४६ सालच्या कायद्यान्वये अमेरिकेने हिंदी लोकांस वर्षाकाठी शंभर जणांपुरतेच दार उघडले होते. १९६५ साली ती राष्ट्रवार वाटणी रद्द झाली, आणि ती झाली नागरी हक्कांच्या चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणात. सिअ‍ॅटलमधील त्याची नोकरी, त्याचे घर, तो कोच, ह्या सर्वांवर त्या चळवळीचे ऋण आहे. ज्या सोमवारची त्याला केवळ सुट्टी वाटत होती, त्या दिवशी खरे तर त्याने "आम्ही" म्हणावयास हवे होते. फक्त ते "आम्ही" जिंकणाऱ्याचे नव्हे, देणेकऱ्याचे.

अमेरिकेच्या वर्णभेदावर बोट ठेवताना आमचा हात अडखळतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सत्पुरुषांना. तिकडच्या वाट पाडणाऱ्यांस वंदन करून त्यांनी इकडच्यांस आरसा दाखविला. पुढे धारवाडला जन्मलेले, चर्मकार समाजातील बाळू पालवणकर पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत आणि साहेबांना गोलंदाजी टाकीत असत. हिंदू संघाला गोऱ्यांवर मात करावयाची होती, म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानावर चेंडूला त्यांचा हात लागलेला चालत असे; चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियन संघास १०९ धावांनी हरविले. त्या संध्याकाळी किती कंठांतून "आम्ही जिंकलो" निघाले असेल! त्या "आम्ही"त बाळू होते. चहाच्या "आम्ही"त ते नव्हते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कप्तानपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही, ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल ह्यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. वाट पाडणारे सगळे एकाच दिशेने जातात असे नाही, आणि आदर करण्यासाठी तशी गरजही नाही.

आता घरची गोष्ट. सीमेवरच्या आमच्या गावी आम्ही मुले पावसाळ्यात चिखलातून फुटबॉल खेळत असू. पायांनी खेळावयाचा, आपला फुटबॉल. निवडुंगाच्या कुंपणात गेलेला चेंडू आणून देणारा एक मुलगा होता. एकदा आमचा गोलरक्षक तापाने पडला आणि दुसरा कोणी मिळेना, म्हणून त्याला उभे केले. समोर कँपातील थोरली पोरे. त्याने त्यांचे सारे फटके अंगावर घेतले आणि आम्ही एका गोलने जिंकलो. त्याला खांद्यावर घेऊन आम्ही गावाच्या वेशीपर्यंत नाचत आलो. मग एका मित्राच्या पडवीत चिवडा आणि सरबत झाले. तो फाटकापाशीच थांबला. कोणीतरी तांब्या उंच धरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतले, आणि तो ते घटाघटा प्यायला. आम्हांपैकी कोणाच्याही घशाखालून चिवडा उतरावयाचा राहिला नाही.

भाच्याला हे आम्ही फोनवर सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "मामा, त्या मुलाचे नाव काय होते?" संघातल्या बाकी दहाही जणांची नावे आम्हांस आजही तोंडपाठ आहेत.